तळाचे सात निळे

ता. ४ एप्रिल

ती. काकांना,

सध्या आमचा पोहण्याचा तलाव कोरडा आहे, त्यामुळे थेट तळावरच लोटांगण घालून सा. न. वि. वि.

तुमची फाइल मिळाली. आख्खा तळ एका शीटवर! एक चौकट म्हणजे एक फरशी, आणि प्रत्येक चौकटीत रंग भरलेला. पायऱ्यांशी फिका निळा, मग गडद होत होत खोल टोकाला शाई. तुम्ही म्हातारपणी कॉम्प्युटर शिकलात तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो, ते हसू मी परत घेते. आमच्या साहेबांनाही नक्षी आवडली असावी, कारण त्यांनी चष्मा पुसून ती दुसऱ्यांदा पाहिली.

पण भट्टीवाल्या बाईंकडे घोटाळा झाला. फरश्या त्याच भाजणार आणि रंगाच्या क्रमाने खोक्यात भरून देणार. त्यांचा कॉम्प्युटर जुना, तो नव्या फाइली उघडत नाही. म्हणून मी तुमची फाइल जुन्या प्रकारात बदलून पाठवली. त्या जुन्या प्रकाराला मोजकेच रंग ठाऊक, त्यामुळे त्याने तुमचे सातही निळे एकाच निळ्यात कोंबले. बाईंनी विचारलंय, सगळा तळ एकाच रंगाचा करायचा होता तर नक्षी कशाला पाठवली?

काका, हसू नका. चिमणीचं तुम्हाला माहीतच आहे. पांढऱ्या तळावर पाय कुठून टेकणार नाहीत ते त्या पोरीला कळलंच नाही. मी काठावर राखणीला होते, वेळेवर उचललं म्हणून निभावलं, पण तेव्हापासून ती पाण्याकडे फिरकलेली नाही. तिच्या आईला मी शब्द दिलाय की नव्या तळावर खोली डोळ्यांना दिसेल. साहेब म्हणतात, महिनाअखेरीपर्यंत फरश्या आल्या नाहीत तर पुन्हा पांढऱ्याच बसतील. काहीतरी करा.

काकूंना नमस्कार. तुमच्या लोभावरच इथला कारभार चाललाय, तो आटू देऊ नये.

तुमची,
पुतणी

*

ता. ५ एप्रिल

चि. पोरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. ईमेल असला तरी पत्र पत्रासारखं लिहायची आपल्या घरची रीत पाळलीस, बरं वाटलं.

जन्मभर फरश्या बसवल्या. ट्रकमधून गेल्या, हातगाडीवरून गेल्या, डोक्यावरून गेल्या, पण वाटेत एकीनेही रंग बदलला नाही. तुझ्या फाइलीला मात्र गाडी लागते असं दिसतंय.

असू दे. रंग उडतात तर उडू देत, मी आता प्रत्येक चौकटीत आकडे लिहिलेत. २-३ म्हणजे दुसरा निळा, त्यावर लुकणाचे, म्हणजे चकाकीच्या लेपाचे, तीन हात. ५-४ म्हणजे पाचवा निळा, चार हात. बाईंना एवढं कळवलंस की झालं. आकडा कुठे पळून जाणार? कालपासून कॉम्प्युटरसमोरून हललेलो नाही. तुझी काकू म्हणते, एवढं टक लावून मी तिच्याकडे लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

चिमणीला सांग, एक म्हातारा तिच्यासाठी खपतोय. जेवत जा वेळेवर. आमची माया नेहमीची आहे, ती मोजून घेत बसू नकोस.

तुझा,
काका

*

ता. ९ एप्रिल

ती. काकांना,

शि. सा. न. वि. वि.

आकडा पळाला, काका. कॅलेंडरात जाऊन बसला.

रंगांची भानगडच नको म्हणून या वेळी मी फाइल अगदी साध्या प्रकारात पाठवली, ज्यात नुसता मजकूर आणि मधे स्वल्पविराम असतात. बाईंच्या कॉम्प्युटरला २-३ दिसलं, त्याने फार शहाणपणा करून त्याची दोन मार्च ही तारीख केली. ५-४ ची झाली पाच एप्रिल. बाई विचारतात, एक फरशी दोन मार्चला हवी आणि तिच्या शेजारची पाच एप्रिलला, असं का? त्यातून मार्च तर होऊन गेला. त्या तारखा पुसून परत आकडे आणायला गेल्या, तर तिथे भलतेच पाच-पाच अंकी आकडे उगवले.

चिमणीची आई दुकानात भेटली. म्हणाली, पोर हल्ली अंघोळीला डोक्यावर पाणी घेताना सगळं घर डोक्यावर घेते. मला इतकं वाईट वाटलं की काय घ्यायला आले होते तेच विसरले.

दुसरा काही उपाय सुचतोय का? तुमच्या शांत डोक्याची मला फार गरज आहे. दोघांचा लोभ असाच मिळत राहो.

तुमची,
पुतणी

*

ता. ११ एप्रिल

चि. पोरीस,

अ. उ. आ.

डोकं शांत नाही. पण उपाय आहे.

आकड्यांचा नाद सोडला. आता प्रत्येक चौकटीत त्या निळ्याचं नाव लिहिलंय. आभाळ, जांभूळ, मोरपीस, शाई, अशी सातही नावं मी स्वतः ठेवलीत. कुठला निळा आणि त्याला किती हात, हे नमुन्याच्या फरश्यांमागे लिहून बाईंना पार्सल केलंय. शब्द आहेत ते, चांगले मराठी शब्द. त्यांना तारीख समजायला तो कॉम्प्युटर काय पंचांग घेऊन बसलाय?

काकू विचारते, चिमणीला पायरीवर बसून नुसते पाय बुडवायला बोलावलंस का? पाणी आलं की बघ बोलावून. आशीर्वादांचा साठा भरपूर आहे, हवे तेवढे उचल.

तुझा,
काका

*

ता. १४ एप्रिल

ती. काकांना,

घाईत सा. न. वि. वि.

सांगायला जीभ रेटत नाही. बाईंच्या कॉम्प्युटरला आपली लिपीच येत नाही. आभाळ, जांभूळ, मोरपीस, सगळ्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! तळभर प्रश्नचिन्हं. बाई इतक्या हसल्या की त्यांच्या कामगारांना वाटलं भट्टीत काहीतरी फुटलं.

मला मात्र हसू आलं नाही. साहेबांनी पांढऱ्या फरशीचा नमुना टेबलावर आणून ठेवलाय, आणि मला रोज त्याच्याशेजारी हजेरीची सही करावी लागते. काका, तुमची नावं सुंदर आहेत, पण ती आपल्यापुरती ठेवू या. चौकटीत एकच इंग्रजी अक्षर लिहा, ए पासून जी पर्यंत. ते एवढं साधं आहे की कुठल्याही प्रकारात टिकतं. मी आमच्या दोन जुन्या कॉम्प्युटरांवर करून पाहिलंय.

रागावू नका. रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची,
पुतणी

*

ता. १६ एप्रिल

चि. पोरीस,

अ. आ.

केलं. मोरपिसाचं 'डी' झालं. यापुढे काही लिहिण्याच्या मनःस्थितीत नाही. नमुन्यांमागे कुठलं अक्षर लिहायचं ते बाईंना पोस्टकार्डाने कळवलंय. पोस्टकार्ड सगळ्यांना उघडता येतं. गुडघ्याने दगा दिला नसता तर फरश्या बसवायला मीच आलो असतो.

तुझा,
काका

*

ता. २६ एप्रिल

ती. काकांना,

घाम पुसत पुसत सा. न. वि. वि.

अक्षरं टिकली! बाईंनी शब्द पाळला आणि आज सकाळी खोकी आली, प्रत्येकावर अक्षर आणि रांग लिहिलेली. मी लहान मुलासारखी पायऱ्यांशी, म्हणजे उथळ टोकाला, 'ए' चं पहिलं खोकं उघडलं. आत शाई. काळीकुट्ट निळी शाई. वाटलं, सगळी नक्षी उलटी भाजून आली, आता गुडघाभर पाण्यात अंधार आणि बुडेल तिथे आभाळ. साहेब काठावर उभे होते. मी बाईंना फोन करून वाट्टेल ते बोलले. त्या थंडपणे म्हणाल्या, शीटवर आहे तसंच आहे.

फोन ठेवला आणि कोरड्या तळावर मटकन बसले. बसल्या बसल्या आमचं स्वयंपाकघर आठवलं. तिथे फरशी घालताना तुम्ही आतल्या कोपऱ्यातून सुरुवात केली होतीत आणि मागे सरकत सरकत दाराबाहेर पडला होतात, ओल्या कामावर पाय पडू नये म्हणून. इथलं दार म्हणजे पायऱ्या. म्हणजे तुमचा 'ए' खोल टोकाला! काही उलटं नव्हतंच, मीच चुकीच्या टोकाला उभी होते. साहेबांसमोर खोकं उचललं आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने पलीकडे नेऊन ठेवलं. काम सुरू झालंय. बाईंची माफी मागितली. त्यांनी ती दिली, पण फार चवीचवीने.

एवढं एक वाक्य आधी कळवलं असतंत तर? तुमच्यावरचा माझा लोभ आज थोडा डळमळला होता, आता सावरलाय.

तुमची,
पुतणी

*

ता. २७ एप्रिल

चि. पोरीस,

अ. उ. आ.

खोल टोकापासून नाही तर कुठून करणार? सूर्य पूर्वेला उगवतो हेही तुला कधी कळवलं नव्हतं.

पण तुझं पत्र काकूला वाचून दाखवलं आणि फाइल पुन्हा उघडून पाहिली, सुरुवात कुठल्या टोकाला ते खरंच कुठे लिहिलेलं नाही. चूक माझीच. डोक्यातलं सगळं फाइलीत उतरलंय असं मी धरून चाललो. पाणी भरलं की लिही. नक्षीचं नको, ती मला पाठ आहे. पोरीचं लिही.

माया कायमची आहेच.

तुझा,
काका

*

ता. १८ मे

ती. काकांना आणि सौ. काकूंना,

ओल्या केसांनी सा. न. वि. वि.

चिमणी आली. दोन दिवस नुसती पायरीवर बसून पाय हलवत होती, आणि मी मुद्दाम तिच्याकडे बघत नव्हते. आज ती आपणहून उतरली. आभाळावर उभी राहिली, तळाकडे बघत एकेक पाऊल टाकत निघाली. मी काठाने तिच्याबरोबर चालत होते, शिट्टी तोंडात, उडी मारायच्या तयारीत. पाणी हनुवटीला लागलं तिथे मोरपीस सुरू होतं. ती थांबली. पायाच्या अंगठ्याने पुढची गडद फरशी चाचपली, आणि वळली. मी शिट्टी वाजवली नव्हती, काका. हाकसुद्धा मारली नव्हती.

मग तिने सगळा तलाव दणाणून जाईल अशा आवाजात काठावरच्या आईला सांगितलं की इथपर्यंतचं पाणी तिचं आहे, आणि पुढचं ती उंच झाल्यावर घेणार आहे.

मी मोठ्याने रडले. चिमणीला वाटलं माझ्या डोळ्यांत पाणी गेलं, म्हणून तिने मला स्वतःचा टॉवेल दिला.

दोघांचा लोभ सदैव राहू दे.

तुमची,
पुतणी