ताटामागची फुली

प्रिय धाकट्या,

शांत डोक्याने लिहायचं ठरवलं होतं, पण काल तुझ्या बायकोचा फोन आला आणि माझं डोकंच फिरलं. ते नंतर सांगते. आधी इतकी वर्षं साचलेलं ऐकून घे. मला मध्येच तोडायची तुझी सवय पत्रात चालायची नाही.

आठवतं, माझी कावीळ उतरली आणि मी पुन्हा आपल्या शिलाईच्या दुकानात मशीनवर बसले? तपासणीत हिपॅटायटिस बीचा विषाणू रक्तातून नाहीसा झालेला दिसला आणि त्याच्याशी लढणाऱ्या अँटिबॉडीज भरपूर सापडल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी माझी पाठ थोपटली. तू मात्र रिपोर्टातला त्या अँटिबॉडीजचा मोठा आकडा बघून पांढराफटक पडलास. बाबांच्या साखरेचा रिपोर्ट तूच आणायचास. तिथे आकडा मोठा की दुखणं मोठं. तोच हिशोब मला लावलास. हा आकडा मोठा असणं चांगलं, असं मी कानीकपाळी ओरडून सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. सुई टोचून गिऱ्हाइकाच्या कपड्याला रक्त लागलं तर, एवढंच तुझं पालुपद.

मग माझी कात्री वेगळी झाली, मग कप, मग ताट. ताट ओळखू यावं म्हणून त्याच्या मागे तू फुली मारलीस, तीही मापं आखायच्या खडूने. घासलं की पुसली जायची आणि तू न कंटाळता परत मारायचास. कामात एवढी चिकाटी दाखवली असतीस तर एकाही सदऱ्याची कॉलर वाकडी बसली नसती. तुझ्या लेकीला मी शिवलेलं झबलं तू दोनदा उकळलंस, त्या दिवशी मी घर सोडलं. काजं करणारे माझे हात आता एका हॉटेलच्या चादरींच्या कडा शिवतात. याचा राग मला अजून येतो, आणि तो येणारच.

आता कालचा फोन. तुझ्या रक्तात तोच विषाणू सापडलाय आणि त्याला हरवणाऱ्या अँटिबॉडीज अजून तयार झालेल्या नाहीत. हे ऐकून मी घाबरले. पण पुढचं ऐकून संतापले. तू गादी दुकानामागच्या खोलीत नेलीस, लेकीला जवळ घेत नाहीस, आणि बायकोने तुझं ताट पालथं केलं तर मागे फुली. तुझ्याच हातची! असं काही कळलं तर मला गार वाटेल, असं वाटायचं. उलट मी ढसाढसा रडले. माझ्यावर केलास तो अन्याय होता, स्वतःवर करतोयस तोही अन्यायच आहे. डॉक्टरीणबाई तेव्हा तुझ्यासमोर म्हणाल्या होत्या, "हा आजार ताटातून पसरत नाही, रक्तातून पसरतो." म्हणून दाढीचं पातं वेगळं ठेव, सुई टोचली तर जखम झाक, बायकोला नि लेकीला तपासून लस दे, आणि तुझी औषधपाण्याची तारीख चुकवू नकोस. बाकी सगळी थेरं बंद. रविवारी मी येतेय आणि तुझ्याच ताटात जेवणार आहे. फुली मी पुसेन. खडू तेवढा जपून ठेव, भाचीचा फ्रॉक बेतायचाय.

तुझीच, अजून रागावलेली,
ताई