अंगठा आत

जुईनगर, गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९६

आज जिममध्ये डेडलिफ्टला एकशेवीस किलोचा बार मनगटाच्या पट्ट्यांशिवाय जमिनीवरून उचलला. दोन महिने पाठ साथ द्यायची, पण बोटं उघडायची आणि बार सुटायचा. शेवटी बाबांची युक्ती केली. करावेच्या खाडीत जाळं ओढताना ते सांगायचे, "आंगठा बोटांखाली दाब, मंग दोर सुटनार नाय." नाहीच सुटला.

धावत घरी आलो त्यांना सांगायला. सांगितलं तेवढं पुरे नव्हतं का? त्यांच्या लकवा मारलेल्या उजव्या हातात मी माझं बोट दिलं. म्हटलं, "बाबा, धरा."

हाताकडे बघत राहिले. कपाळावर घाम. मग डाव्या हातानं उजवा अंगठा उचलून त्यांनी बोटांखाली सरकवला.

सोडल्याबरोबर तो बाहेर आला.