एवढा एक गुरुवार

डिंडोली, सुरत
वैशाख वद्य तृतीया

तीर्थस्वरूप प्रभाकररावांच्या चरणी त्यांच्या एकुलत्या एक शालकाचा साष्टांग दंडवत. (गुडघा दुखतो, तेव्हा तो कागदावरच स्वीकारावा.)

इकडे सर्व कुशल आहे. म्हणजे माझा गुडघा, सुरेखाची पाठ आणि मिलचा बॉयलर सोडून सर्व. सुषमाताई हल्ली लोणच्याची बरणी आपल्या हाताला लागू देत नाही असं कळलं, त्यावरून आपल्या रक्तदाबाचा अंदाज आला. सांभाळावं.

आपण मोबाइलवर पाठवलेला ‘मंदीतही टिका आणि वाढा’ हा लेख मिळाला. चार वेळा मिळाला. बँकेच्या पेन्शनच्या गार सावलीत बसून असा लेख नोकरदार नातेवाइकाला पाठवायला जे निर्विकार मन लागतं, ते आपल्याला साधलं आहे. उत्तर कागदावर लिहितो आहे, कारण माझा मोबाइल दिवसभर ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडलेला असतो आणि कुंदन नावाचा आमचा ऑपरेटर माझे निरोप माझ्या आधी वाचतो.

लेखातल्या उपदेशांपैकी ‘नवं कौशल्य शिका’ हा मी यापूर्वीच भोगून बसलो आहे. शेठचे चिरंजीव ललितभाई (परदेशातून व्यवस्थापन शिकून आलेले, त्यांना ‘तुम्ही’ म्हटलं की ते मागे वळून पाहतात) आम्हा सगळ्यांना एका रविवारी इच्छापोरला शिबिराला घेऊन गेले. तिथल्या सद्गृहस्थांनी प्रत्येकाला आपलं बलस्थान लिहायला सांगितलं. मी प्रामाणिकपणे ‘संस्कृत’ लिहिलं. त्यांनी ते आदराने वाचलं आणि विचारलं, हे कोणत्या कंपनीचं सॉफ्टवेअर?

पण ‘स्वतःला अपरिहार्य बनवा’ हा उपदेश मात्र मी लेख येण्याआधीच अंमलात आणला होता, आणि तीच हकिगत सांगायची आहे. आमची पलसाण्याची मिल म्हणजे साड्यांच्या कापडाची रंगाई-छपाई. गेल्या पावसाळ्यापासून ऑर्डरी आटल्या, दोन पाळ्यांची एक झाली, आणि भाद्रपदात ललितभाईंनी काही माणसं कमी करायची यादी केली. ती कुणी पाहिली नव्हती. पण वयाने आणि पगाराने मी ज्या उंचीवर आहे तिथून यादीतलं आपलं स्थान सहज दिसतं. आता आमचे भाईदास शेठ हे मुहूर्ताचे भक्त. त्यांच्या वडिलांनी मिलचं पहिलं यंत्र घटका पाहून चालू केलं. माणूस कामावर घेतात तो वार पाहून. मग काढायचा तोही पाहूनच, हे ओघाने आलं. आणि संस्कृत घेऊन बी. ए. झालेला, भिंतीवरचं पंचांग वाचता येणारा मनुष्य मिलमध्ये एकच. शेठ म्हणाले, “प्रशांतभाई, जरा सारो दिवस जुओ ने.” म्हणजे माझ्या फाशीचा मुहूर्त मलाच काढायला सांगितला!

प्रभाकरराव, मी एकदाही खोटं बोललो नाही. पंचांगात वाईट दिवस मुबलक असतात. शोधणारा गरजू हवा, इतकंच. आधी पितृपक्ष होता. मग नवरात्र, आणि देवीच्या दिवसांत कुणाच्या पोटावर पाय कोण देणार? दिवाळीनंतर कधी भद्रा, कधी व्यतीपात, कधी शेठच्या राशीला आठवा चंद्र. मग संक्रांतीपर्यंत कमुरता, म्हणजे इकडचा महिनाभराचा अशुभ काळ, होळीच्या आधी होळाष्टक, होळीनंतर पुन्हा महिन्याचा कमुरता. (हा दुसरा कमुरता शेठच विसरले होते. मी नम्रपणे आठवण करून दिली.) गंमत अशी, की मी मान हलवली की शेठ मोठ्याने “अरेरे!” म्हणतात आणि खुशीत चहा मागवतात. त्यांचं मन मला कळतं. ललितभाईंना कळत नाही.

खरं संकट आलं ते अक्षय तृतीयेला. हा तर स्वयंसिद्ध मुहूर्त, पाहावाच लागत नाही. ललितभाई हात चोळतच आले. मी शांतपणे एवढंच म्हटलं, की या दिवशी आरंभलेलं काम अक्षय होतं, त्याला क्षय नाही. एकदा माणसं काढायला सुरुवात केलीत की ती थांबायची नाही. आधी पॅकिंग, मग ऑफिस, मग भागीदार. शेठचे जावईच भागीदार आहेत. शेठनी टोपी काढून घाम पुसला.

या सगळ्याचं फळ म्हणजे, मंदीत अख्ख्या मिलमध्ये बढती एकट्या मला मिळाली. डिस्पॅचच्या खिडकीतून उठवून मला केबिनमध्ये बसवलं आहे आणि ‘मनुष्यबळ प्रमुख’ अशी पाटी लावली आहे. मनुष्यबळ रोज घटण्याच्या बेतात असताना.

परवा पॅकिंगच्या भागीरथीबाई दारात आल्या. इथेच डिंडोलीत, मागच्या गल्लीत राहतात, घरी-दारी अहिराणीच. म्हणाल्या, “भाऊ, तुम्हना पंचांगमा आजून कितला खराब दिन शेतस?” मी म्हटलं, पुष्कळ. “पोर औंदा बारावीले शे. तितला पुरवा.” आणि गेल्या. माझी विद्या अख्ख्या खात्याला कळली आहे, याचा मला आजवर पत्ताच नव्हता.

सुषमाताईस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. लोणचं मिळेपर्यंत कळ काढावी.

आपला,
प्रशांत

ता. क. : ललितभाईंनी मोबाइलवर मुहूर्ताचं ॲप घेतलं आहे. त्यात येत्या आठवड्यातला गुरुवार, वैशाख वद्य द्वादशी, सकाळी अकरा चाळीस, ही ‘अत्युत्तम’ वेळ निघाली. शेठ गडबडले. मी म्हटलं, यंत्रापेक्षा माणसाला विचारू. आमचे अमळनेरचे मेहुणे प्रभाकरराव म्हणजे खानदेशात शेवटचा शब्द. (माझ्या लग्नाचा मुहूर्त आपणच काढला होता, हेही सांगितलं. सुरेखाचं त्यावरचं मत सांगितलं नाही.) शनिवारी शेठचा फोन येईल. एवढा एक गुरुवार नासवा. त्या रविवारपासून अधिक मास सुरू होतो, आषाढी एकादशीपासून चातुर्मास. मधल्या महिन्याचं मी पाहतो. पुढे दिवाळीच्या ऑर्डरी आल्या तर शेठच यादी फाडतील.

आणखी एक ता. क. : सुषमाताईला सांगू नये. ती सुरेखाला सांगेल, सुरेखा भागीरथीबाईंना, आणि मग शेठना कळायला गुरुवारही लागणार नाही.

शेवटचा ता. क. : हे पाकीट चिकटवणार तोच ललितभाईंनी मनुष्यबळ प्रमुख म्हणून पत्रं तयार करायला यादी हातात दिली. एकोणीस नावं आहेत. पहिलं भागीरथीबाईंचं. माझं कुठेच नाही. भाद्रपदातली मूळ प्रतही मागून पाहिली, तिच्यातही नव्हतं. सुरेखाला शेवटी सगळं सांगावंच लागलं; ती म्हणते, सुटलात, आता गप्प बसा, फोन करून भाऊजींना गुरुवार चांगला आहे असंच म्हणायला सांगा. मी दुपारभर विचार केला आणि पाकिटावर आपला पत्ता घातला. तेव्हा मेहुण्याच्या नोकरीसाठी जेवढं बोलणार होता, त्याच्या दुप्पट कडक बोला. आवाज खर्जात लावावा; कर्ज नाकारताना लावायचात ना, तोच.