वेंडेलने चेंडू फेकला नाही

हार्लन क्रीक, नेब्रास्का
१० नोव्हेंबर १९७४

ती. लोर्नाताईस एव्हरेटचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, फक्त तुझ्या भावाला गावात तोंड दाखवायची सोय उरलेली नाही. शाळेच्या फुटबॉल संघाला मी चेंडू हाताने फेकून नव्हे, तो घेऊन पळून खेळायला शिकवतो. चेंडू पोटाशी धरायचा, मान खाली घालून समोरच्या गर्दीत घुसायचं, चार यार्ड मिळवायचे, उठून पुन्हा तेच. लोकांना मात्र माझ्या पोराचा, वेंडेलचा, लांब फेकणारा हात दिसतो. परवा न्हाव्याने अर्धी दाढी तशीच ठेवून विचारलं, की घरात तोफ असताना कोच लाठ्यांनी का लढतो? वेंडेलही जेवताना मान वर करत नाही.

शनिवारी अंतिम सामना आहे. विद्यापीठाचा माणूस त्याची फेक पाहायला येतोय, त्यांच्या संघात घ्यायचं का ते ठरवायला. ताई, माझं चुकतंय का? काही सुचेनासं झालंय.

तुझा,
एव्हरेट

लिंकन
१३ नोव्हेंबर

चि. एव्हरेटास अनेक आशीर्वाद.

तुझ्या खेळातलं मला ओ की ठो कळत नाही. पळून चार यार्ड आणि फेकून चाळीस, तर पळायचं कशाला, हेच डोक्यात शिरत नाही. पण पोरगा घरात बोलत नाही, हे कळतं. एकदा फेकू दे की त्याला! हरलात तर काही आभाळ कोसळत नाही. आणि टोपी घालून जा, टकलाला थंडी लवकर लागते.

वेंडेलला माझा गोड पापा, आवडला नाही तरी.

तुझी,
लोर्ना

हार्लन क्रीक
२४ नोव्हेंबर

ती. ताईस नमस्कार.

तुझं ऐकलं. मैदान गोठून दगड झालेलं. शेवटची सहा मिनिटं, आम्ही चार गुणांनी मागे, आणि समोरची गोलरेषा पार दुसऱ्या टोकाला. वेंडेलला बोलावून म्हटलं, बाळा, आता फेक. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शुद्धीवर नाही. आत गेला आणि चेंडू आमच्या धिप्पाड ऑर्विलच्या पोटात कोंबला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी, पळण्याचा कैवारी, बाजूला उभा राहून फेक, फेक म्हणून घसा फोडत होतो! अगदी शेवटी ऑर्विल तिघांना ओढत रेषेपार पडला, सहा गुण. जिंकलो.

विद्यापीठाचा माणूस न भेटताच निघून गेला.

गाडीत विचारलं, असं का केलंस? म्हणाला, समोरच्या संघाची पुढच्या फळीतली पोरं कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती, बाबा. फेकलेला चेंडू खाली पडला असता तर घड्याळ थांबलं असतं, त्यांना दम खायला मिळाला असता. पळत राहिलो म्हणून ती मोडली. तुम्हीच शिकवलंत ना? मग एकदम चिडला. तीन वर्षं फेकायला नको नको म्हणालात, आणि नेमकं आज कसं सुचलं?

त्याने माझं ऐकलं की मोडलं? मी जिंकलो की त्याचं नुकसान केलं? विद्यापीठाकडून काहीच कळलेलं नाही.

काल तो परसात एकटाच कुंपणावर चेंडू फेकत होता. मी जाऊन कुंपणापुढे उभा राहिलो. अंधार पडेपर्यंत तो फेकत होता, मी झेलत होतो. बोटं अजून सुजलेली आहेत, म्हणून अक्षर असं वाकडं आलंय.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
एव्हरेट