कडू घास

उद्धवदादा,

तुझ्या जवायाले, माझ्या धन्याले, काल मातीत देलं. कडू घास माहेरानं भरवायचा असते, म्हणून चूल न पेटवता तुझी वाट पायली. आला तो तुझा निरोप: चर्च सोड, मंग येतो.

बोथ गावाहून पास्टरची बायको आली. तेलगू बाई, तिले आपली रीत ठाऊक नाई. पिठलं-भाकरीच्या जागी चिंचेचा भात आणला अन् आपल्या हातानं भरवला. "अशा देवावर भरवसा काऊन ठेवू?" मी इचारलं. ती नुसती माझ्यासंग रडली. तवा वाटलं, देव इथंच बसून हाये.

मंग तिनं प्रार्थना केली, "प्रभू, हिच्या भावाले माफ कर." आमेन तिनंच म्हटलं.

माझ्यानं अजून म्हणवलं नाई. म्हणवलं, की हे पत्र टाकीन.

तुझी वनमाला