वाढलेली पोत

नारनूर

चंचलबाई,
धाकट्या भावजयीचा पाया पडून नमस्कार.

तुमचे भाऊ गेल्यावर मी बाजारात काळ्या मण्यांच्या पोती ओवायले बसली. बाया पोत हातात घेत, वाखाणत, मंग माह्या कोऱ्या कपाळाकडे पाहून खाली ठेवून देत. विधवेच्या हातची पोत गळ्यात कोण घालते?

एका बाजारी तुमी आल्या आन् सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाल्या, "शीतल, माही पोत वाढली. इथंच ओवून दे." पोत 'तुटली' म्हणत नाहीत आपल्यात. मी जुन्या दोऱ्यातले मणी काढून घेतले. तुमी मांडी घालून बसल्या, ओवून झाल्यावर तिथंच गळ्यात घातली, आन् बायांकडे पाहून हासल्या. पुढच्या बाजारापासून माह्या पालापुढं बाया थांबायले लागल्या.

हे पत्र पाठवत नाही. तुमच्या सासूच्या कानावर गेलं तं?

झिजून वाढलेला दोरा टोकाले पिंजलेला असते, बाई. तुमचा कातरीनं सरळ कापलेला होता. तुमच्याच हातानं, माह्यासाठी.

तुमची पोत जलमभर ओवणारी,
शीतल