कांदाचाळीतला माझा वाटा

मी, विजया शामकांत नेवासकर, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार सावेडी, अहिल्यानगर (आमच्या तोंडी अजून नगरच), हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या विचाराने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शरीराबद्दल तसा दाखला द्यायला ते तयार नाहीत. पुढच्या महिन्यात पुण्याला माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे आणि त्यातून मी परत येईन असंच मी धरून चालले आहे. तरी कागद झालेला बरा.

वकिलांनी दीड पानाचा मसुदा दिला होता. तो बिनचूक होता, पण त्यात माझ्या माणसांना काही कळलं नसतं. म्हणून कायद्याला लागतं तेवढं त्यातून घेतलं आहे आणि बाकीचं माझं मी लिहिते आहे.

१. सावेडीचं राहतं घर माझ्या व माझे पती शामकांत यांच्या नावे आहे. माझा अर्धा हिस्सा त्यांना मिळावा. अर्णवने, म्हणजे आमच्या मुलाने, त्यांना बंगळूरला चला म्हणून आग्रह जरूर करावा, पण ओढून नेऊ नये. त्यांना सकाळी बागेतल्या बाकावर पेपर वाचायला लागतो आणि तो पेपर नगरचाच लागतो. त्यांना वरणभात आणि चहा करता येतो. पोळ्यांची बाई लावून ठेवली आहे.

२. केडगावचा प्लॉट मी माझ्या पगारातून घेतला. तो संपूर्णपणे अर्णवला मिळावा. तो विकून त्याने बंगळूरच्या घराचं कर्ज फेडावं, अशी माझी इच्छा आहे. यामागचं कारण पाचव्या कलमात येईल.

३. पाटल्या आणि मोत्याचा तन्मणी नात दिशाला. साड्या सूनबाईंनी हव्या त्या ठेवाव्यात, उरलेल्या वाटाव्यात. निळी इरकली मात्र कुणाला देऊ नये. ती मला नेसवावी.

४. माझे धाकटे दीर मधुसूदन भावोजी यांना मी काहीही ठेवत नाही. नऊ वर्षांपूर्वी आमच्या घरच्या सत्यनारायणाला, पन्नास माणसांत, ते म्हणाले होते, "वहिनींनी फंडाचा पैसा बागवानाच्या पोरीला दिला. आता बसा तिची वाट बघत." ती पोर म्हणजे माझी विद्यार्थिनी नसीमा, तेव्हा प्रसादाच्या द्रोणांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे टेबलावर ठेवला, "मधुसूदनकाका, प्रसाद घ्या," म्हणाली आणि सगळ्यांना वाटून झाल्यावरच घरी गेली. भावोजींनी त्यावर नंतर कधी एक शब्द काढला नाही. काढला असता तर हे कलम मी लिहिलं नसतं. त्यांची तब्येत मात्र चांगली राहो, हे मनापासून.

५. आता 'चाळराखण प्रायव्हेट लिमिटेड' या कंपनीतले माझे शेअर. याबद्दल घरात दोन मतं आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मिरजगावच्या शाळेत मी रसायनशास्त्र शिकवत होते. नसीमा बागवान ही तिथली माझी विद्यार्थिनी, वडिलांचा कांद्याचा व्यापार. पुढे ती इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरी केली, आणि एक दिवस बरणीत सडका कांदा घेऊन माझ्याकडे आली.

"बाई, पैसे मागायला नाही आले," ती म्हणाली. "या वासात काय काय असतं ते सांगा."

कांदा साठवायच्या चाळीत हजारो कांद्यांच्या ढिगात एखादा कांदा आतून सडायला लागतो आणि शेतकऱ्याच्या नाकाला कळेपर्यंत आजूबाजूचं पोतंभर गेलेलं असतं. ती सड आधीच ओळखून मोबाईलवर कळवणारी एक डबी तिला बनवायची होती. त्या दिवशी आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत बोलत बसलो. निवृत्त झाल्यापासून मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

पैशाचा विषय मीच काढला. कर्ज तिला नको होतं. तिच्या घरात व्याज घेतही नाहीत आणि देतही नाहीत. माझ्या फंडाची रक्कम पडून होती. ती मी देते म्हटल्यावर शामकांत पुढे सरसावले. ते बँकेत शाखाधिकारी होते.

"किती टक्के देणार?" त्यांनी विचारलं.

"टक्के ठरवू ना, काका. पण पैशावर नाही, नफ्यावर."

"आणि नफा झालाच नाही तर?"

"तर बाईंचे पैसे जातील आणि माझी मेहनत जाईल."

"तारण?"

"तारण नाही. मी फसवलं किंवा हयगय केली तर मात्र सगळं मी भरून द्यायचं. तसं लिहून देते. आमच्यात याला मुदारबा म्हणतात. एकाचा पैसा, दुसऱ्याचं काम."

शामकांतनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "मुलगी गुणी आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "पण असा कागद मी बँकेत कधी पास केला नसता."

"तुम्हाला पास करायचाच नाहीये," मी म्हटलं. "पैसे माझे आहेत."

करार झाला. नफ्यात तिचे साठ, माझे चाळीस. तोटा पैशाचा असेल तर तो सगळा माझा.

पहिल्या वर्षी तोटाच झाला. जुलैत हवा दमट झाली आणि सगळ्या डब्या एकदम ओरडायला लागल्या. छगन म्हणून आमचे पहिले गिऱ्हाईक होते, मिरजगावचेच शेतकरी. त्यांचा मला फोन आला. "बाई, तुमचं यंत्र लई वरडतंय. कांदा तर समदा चांगला हाय. म्या वायरच काढून टाकलीया." त्यांचं बघून बाकीच्यांनीही डब्या परत केल्या.

त्यानंतर आठवड्याने नसीमा आली. तिने रुमालात गुंडाळलेल्या लग्नातल्या बांगड्या माझ्यापुढे ठेवल्या.

"हे काय?"

"अर्धे तरी निघतील, बाई."

"करारात काय लिहिलंय?" मी विचारलं. "तू हयगय केलीस का?"

"नाही."

"मग पैसे माझे गेले आणि वर्ष तुझं गेलं. तू तुझा वाटा सोसलास. माझा मला सोसू दे. घाल त्या हातात."

ती रडली. मी तिला रडू दिलं. खोटं कशाला लिहू, ती गेल्यावर मीही रडले. माझी चोवीस वर्षांची नोकरी होती त्या पैशात. शामकांत समोर बसले होते. "मी म्हटलं नव्हतं का," हे शब्द त्यांच्याकडे होते आणि ते उच्चारायचा त्यांना पूर्ण हक्क होता. ते उठले आणि दोघांसाठी चहा टाकला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं काहीतरी चाललं होतं. नसीमाच्या वर्कशॉपवर ते रोज जायला लागले. तिचं सामान, खर्च, पावत्या सगळं त्यांनी बघितलं. परत आल्यावर म्हणाले, "एक पैसा इकडचा तिकडे नाही. चूक यंत्रात आहे, माणसात नाही." मग त्यांनी स्वतःची एक ठेव मोडली. कराराचा कच्चा मसुदा सवयीने लिहिला तो साडेआठ टक्क्यांचा. नसीमाने ती ओळ पेन्सिलीने हलकेच खोडली आणि कागद परत दिला. तो कागद चार दिवस टेबलावर पडून होता. पाचव्या दिवशी त्यांनी नवा लिहिला. तोटा झाल्यास तो लिहून देणाराचा राहील, असं बँकेतल्या त्यांच्या सुंदर अक्षरात. सही केल्यावर बराच वेळ ते पेनचं टोपण शोधत होते. ते त्यांच्या डाव्या हातातच होतं.

दमट हवेचं कोडं आम्ही दोघींनी मिळून सोडवलं, ते इथे सांगत बसत नाही. तिसऱ्या वर्षी छगनरावांनी डबीच्या सांगण्यावरून चाळीचा एक कोपरा वेळेत उपसला आणि बाकीचा माल वाचला. मग ते स्वतःच लोकांना सांगत फिरले. कंपनी रीतसर नोंदवली, आमच्या करारांचे शेअर झाले.

नंतर पुण्याचा एक गुंतवणूक फंड आला. त्यांच्याकडून मनवा नावाची मुलगी आली होती. अर्णवपेक्षाही लहान. तिच्या कागदात होतं की दरवर्षी ठरावीक लाभांश, कंपनी बुडाली तर फंडाचे पैसे सगळ्यांच्या आधी, शिवाय नसीमाची वैयक्तिक हमी.

नसीमा म्हणाली, "बुडालं तर सगळ्यांचं बुडू दे. यांचं आधी वाचवायचं आणि बाईंचं जाऊ द्यायचं, असल्या कागदावर मी सही करणार नाही."

मनवा शांतपणे म्हणाली, "मॅडम, हा पैसा माझा नाही. कुणाच्या तरी पेन्शनचा आहे. त्यांना मी काय उत्तर देऊ?"

मला दोघींचं पटलं. पंचाईत तीच होती. तोड काढली शामकांतनी. दोन्हीकडची भाषा समजणारे तेच एकटे होते. त्यांनी मनवाला विचारलं, "तुम्हाला भीती बुडण्याची आहे, की न कळता बुडण्याची?" ती हसली. शेवटी फंडाने आमच्यासारखेच साधे शेअर घेतले, ठरावीक परतावा नाही, हमी नाही. बदल्यात संचालक मंडळावर एक जागा, दर तीन महिन्यांनी तपासलेले हिशेब, आणि पाच-सहा वर्षांनी हिस्सा विकून बाहेर पडायची मुभा. नसीमाने सांगितलं की सगळ्यांनी पैसा घालून नफा-तोटा दोन्ही वाटून घ्यायचा याला त्यांच्यात मुशारका म्हणतात. मनवाने तो शब्द तिच्या अहवालात लिहून घेतला. आणि हेही नोंदवायला हवं की दुरुस्तीच्या फेऱ्यांतच आपला नफा जातोय, हे पहिल्याच बैठकीत मनवाने दाखवलं. आम्हा तिघांना ते दिसलं नव्हतं.

आता फंडाची मुदत संपत आली आहे. एका मोठ्या कंपनीला चाळराखण हवी आहे, पण निम्म्याहून जास्त हिस्सा मिळाला तरच. मनवा मुद्दाम घरी येऊन सांगून गेली. "आजी, मला विकावंच लागेल, ते माझं काम आहे. पण तुमचा आणि आमचा हिस्सा एकत्र गेला तर नसीमाताईंच्या हातात काही उरणार नाही. तुम्हाला हे माहीत असावं." तिने हे सांगायची गरज नव्हती. तिला माझे आशीर्वाद.

अर्णवशी मी मागच्या रविवारी बोलले. तो खोटं बोलत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

"आई, ते शेअर माझ्याकडे आले तर मी विकीन," तो म्हणाला. "माझ्या डोक्यावर घराचं कर्ज आहे. मला झोप लागत नाही."

"कर्ज फिटलं तर?"

त्याने मनातल्या मनात हिशेब केला. मग म्हणाला, "तर तुझं तू ठरव. मी वाईट वाटून घेणार नाही."

म्हणून दुसरं कलम. आणि म्हणून शेअरबाबत असं ठरवते:

(अ) माझे सर्व शेअर शामकांत यांना मिळावेत व त्यांच्या पश्चात अर्णवला. त्यांवरचा नफा ज्याच्याकडे शेअर असतील त्याने घ्यावा.

(आ) हे शेअर दुसऱ्या कोणालाही विकू नयेत. ते घेण्याचा हक्क फक्त नसीमाचा राहील. तिने एकदम घ्यायचे नाहीत. ज्या वर्षी नफा होईल त्या वर्षी जमतील तेवढे, त्या वर्षीच्या रास्त किमतीने. माझा हिस्सा कमी होत जाईल आणि तिचा वाढत जाईल. आजची किंमत बांधून ठेवलेली नाही. कंपनी वाढली तर माझ्या माणसांनाही त्यातलं मिळायला हवं.

(इ) ज्या वर्षी नफा नसेल त्या वर्षी तिच्याकडे कोणी तगादा लावू नये. उशीर झाला म्हणून व्याज लावू नये.

६. बँकेत जे काही शिल्लक असेल त्यातून दवाखान्याचा खर्च भागवून उरलेलं मिरजगावच्या माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावं. पाट्या लावू नयेत. बर्नर घ्यावेत, तिथले निम्मे बंद आहेत.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी भाची आरती हिने करावी. ती सनदी लेखापाल आहे आणि कोणाला घाबरत नाही.

८. हे कलम मसुद्यात नव्हतं. काल दुपारनंतर वाढवलं आहे.

नसीमा तिच्या अम्मींना घेऊन हजला निघाली आहे. काल दोघी भेटायला आल्या. मला वाटलं ऑपरेशनची चौकशी करायला. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, तरी नसीमा उठेना. मग खुर्ची सोडून माझ्या पायाशी सतरंजीवर बसली.

"बाई, आमच्यात हजला निघताना सगळ्यांकडे जातात. कहासुना माफ करून घ्यायला."

"म्हणजे?"

"इतक्या वर्षांत माझं काही चुकलं असेल, जास्त बोलले असेन, तुमचं काही माझ्याकडे राहिलं असेल, तर माफ म्हणा. मनात नाही, तोंडानं म्हणायचं असतं."

मी म्हटलं, "अगं, माझं काय राहणार आहे तुझ्याकडे?"

"तरी म्हणा ना, बाई."

मी म्हटलं, "माफ." आणि मग माझ्या लक्षात आलं की पुढच्या महिन्यात मीही निघालेलीच आहे, आणि ती परत येईल तेव्हा मी असेन की नाही हे तिलाही ठाऊक नाही, मलाही नाही. म्हणून मी तिला तेच विचारलं. माझं काही चुकलं असेल, वर्गात जास्त रागावले असेन, तर माफ म्हण. तिने माझ्या गुडघ्यावर कपाळ टेकलं. तिच्या अम्मी पुढे आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "माफ हाय, बाई. दोनो तरफसे माफ."

शामकांत दारात उभे होते. ते चष्मा पुसत आत आले आणि नसीमाला म्हणाले, "मलाही विचार ना." तिने विचारलं. त्यांनी म्हटलं.

म्हणून सर्व संबंधितांसाठी लिहून ठेवते: माझं कोणाकडेही काही येणं राहिलेलं नाही. माझ्या पश्चात कोणी एखादा कागद पुढे करून माझ्या नावाने नसीमाकडे काही मागितलं, तर ते माझं मागणं नव्हे.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, वाचले, आणि खालील दोन साक्षीदारांच्या देखत सही केली. दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या. या दोघांना मी यात काहीही ठेवलेले नाही. तसा कायदाच आहे, त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

(सही) विजया शामकांत नेवासकर

साक्षीदार:
१. (सही) रंगनाथ भाऊसाहेब कोरडे, निवृत्त प्रयोगशाळा सहायक, मिरजगाव
२. (सही) पुष्पावती दिनकर गांधे, शेजारी, सावेडी

ठिकाण: अहिल्यानगर
दिनांक: २४ एप्रिल २०२६